सपाट नागपुरातला जानेवारी

पुण्याचा एक मित्र फोनवर नेहमी म्हणतो, "तुमच्याकडं काय, सगळं सपाट. पाय हलवत राहायचं." स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर माझ्या महिन्याच्या चढाईचा आकडा बघितला तर तो खरंच बोलतो असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडं दम काढणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या आकड्यात येत नाहीत. या जानेवारीत त्या सगळ्या एकामागून एक भेटल्या.

महिन्याची सुरुवात सेमिनरी हिल्सनं. ऑफिसच्या आधी फुटाळ्याकडून वर, टीव्ही टॉवरपाशी वळायचं, खाली यायचं, पुन्हा वर. चढ लहान, कंटाळा मात्र सह्याद्रीएवढा. सात वाजायला येतात तेव्हा कुठं सूर्य दिसतो, तोवर बोटं इतकी गारठलेली की गिअर बदलला की नाही ते आवाजावरून ओळखायचं.

रविवार, ४. काटोल नाक्यावरून फेटरी, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा. सोबत बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका. हा माणूस उतारावरसुद्धा पाय थांबवत नाही. कळमेश्वरच्या अलीकडं मी मागं पडलो तर ओरडले, "हळू काहून चालला बे? झोप झाली नाही काय?" दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा; आंबिया बहाराचं पीक उतरून गेलेलं, मृग बहाराची फळं अजून झाडावर. आदासा विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, देऊळ टेकडीवर. तो शेवटचा तुकडा चढताना पुण्याच्या मित्राची आठवण झाली, चांगल्या शब्दांत नाही. परत येताना सावनेर, कोराडी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की घर आलं असं वाटतं, आणि मग त्या कितीतरी वेळ तेवढ्याच लांब दिसत राहतात.

संक्रांतीचा आठवडा. शहरात सायकल बंद. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांना आणि तारांना लटकलेला असतोच. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान बसवतात. रोड बाइकवर आपण पुढं वाकलेले, म्हणजे कमानीच्या जागी आपलंच तोंड आणि गळा. मफलर गुंडाळून जाणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. रोड बाइक भिंतीला टेकवली, जुनी एमटीबी, म्हणजे जाड टायरची माउंटन बाइक, गाडीच्या मागं बांधली आणि हिंगण्याच्या बाजूला गेलो. खरं तर वेळ काढायलाच.

आणि महिना तिकडंच अडकला.

आमच्या 'ट्रेल' म्हणजे पांदणी. शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट, जिच्यावर आता ट्रॅक्टर चालतो. दख्खनच्या काळ्या दगडाची पूर्वेकडची कड नागपूरपाशीच संपते. हिंगण्याकडं सगळी काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून विटेसारख्या टणक होतात. चाक एकदा आत पडलं की बाहेर काढता येत नाही. चाकोरी नेईल तिकडं जायचं. मधल्या उंचवट्यावर राहायचं तर वेग कमी, नजर लांब आणि हँडल सैल धरावं लागतं. मी घट्ट धरायचो, त्यामुळं पहिल्या दिवशी मनगटं भरून आली.

शिवाय काटे. तूर नुकतीच कापलेली, तिचे तिरपे खुंट वर आलेले. सराटे तर कुठंही. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असेल तर सराट्याचं काही वाटत नाही: उपटला की फस्सकन पांढरा द्रव येतो, चाक दोनदा फिरवलं की भोक बंद. तुरीचा खुंट मात्र टायर चिरतो, तिथं सीलंट नुसतंच वाहून जातं. हवा पंचवीस पीएसआयपर्यंत उतरवली तेव्हा पकड आली आणि कंबरही वाचली.

झिल्पी तलावाच्या मागच्या बाजूला एक पांदण समृद्धी महामार्गाच्या खालून जाते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हापासून वर गाड्या सुसाट असतात. सायकलला तिथं जागाच नाही. खालच्या बोगद्यात म्हशी बसलेल्या. त्यांनी मला जागा दिली, फार घाई न करता.

मग एका रात्री अवकाळी पाऊस झाला. अर्धा तासच, पण काळ्या मातीला तेवढा पुरतो. शंभरेक मीटर गेलो आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) व टायरच्या मध्ये माती अशी भरली की पुढचं चाक फिरेना. काडीनं उकरायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. समोरून एक शेतकरी येत होता.

"कुठी चालले भाऊ?"

"फिरायला."

"सायकल खांद्यावर घेऊन?"

यावर उत्तर नव्हतं. पुढचा प्रश्न ठरलेला, "केवढ्याची हाय?" मी नेहमीप्रमाणं खऱ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाचा आकडा सांगितला. तोही त्याला जास्त वाटला. "एवढ्यात जुनी स्प्लेंडर येते ना भाऊ." मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवून ओला हरभरा भाजून दिला. तासभर तिथंच गेला, आणि त्या दिवसाचं अंतर बघून स्ट्राव्हालाही लाज वाटली असेल.

रविवार, २५. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत सगळं आलं पाहिजे: चहा, पंक्चर, झाडाखाली आडवं होणं, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्ड या नोंदीच्या कार्डावर शिक्का घेणं. वर्धा रोडनं बुटीबोरी, जाम, हिंगणघाट आणि आणखी पुढं जाऊन त्याच वाटेनं परत. जाताना पाठीशी वारा, म्हणून सगळेच खूश. हिंगणघाटकडं कापसाच्या गाड्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. परतीला तोच उत्तरेचा वारा तोंडावर. घाटाला निदान माथा असतो, इथं जामपासून घरापर्यंत तो तसाच. काकांच्या मागच्या चाकाला चिकटून आलो, नाहीतर कठीण होतं.

बुटीबोरीच्या अलीकडं मागून ट्रकनं भोंगा दिला आणि डांबर सोडून साइडपट्टीच्या खडीत उतरावं लागलं. एरवी मी तिथं ब्रेक दाबून घसरलो असतो. या वेळी हात आपोआप सैल सुटले, अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचं चाक खडीतून तरंगत गेलं आणि पुन्हा डांबरावर आलं. काका मागं वळून म्हणाले, "हे कुठी शिकला बे?" हिंगण्याला, असं सांगितलं तर त्यांना पटलं नाही.

वेळेच्या बरंच आत पोचलो. बढाई मारायचा मोह झाला, पण गाव नागपूर. इथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. तर्री पोहे खाल्ले आणि झोपलो.

काकांनी आता तीनशेसाठी नाव दिलं आहे. वीस तासांची मुदत, म्हणजे रात्रीचा तुकडा आलाच. मला कुठला लाइट घ्यायचा तेही सांगून ठेवलं. मी अजून होकार दिलेला नाही. फेब्रुवारीच्या शेवटाकडं रामटेक-मनसरच्या बाजूला पळस फुलतो. तिकडची जमीन मुरमाड, चिकटणारी नाही, आणि आतल्या वाटा मी पाहिलेल्या नाहीत. रविवार दोन्हीला पुरणार नाहीत. मातीनं ब्रेक पॅड पार खाल्लेत; नवे आजच मागवले, एमटीबीचे.