एवढं डोकं दुखतंय, तरी सिटी स्कॅन का नाही?

नागपुरात कॅज्युअल्टीत काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, बहुतेक वेळा पेशंटच्या भावाकडून किंवा नवऱ्याकडून. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

डोकेदुखी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना अर्धशिशी असते, नाहीतर ताणाची डोकेदुखी. अर्धशिशी सिटी स्कॅनमध्ये दिसतच नाही. उलट्यांनी बेजार, उजेड नको म्हणून डोळ्यांवर ओढणी घेऊन बसलेल्या बाईचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "काहीच निघालं नाही, उगाच करते." याचा मला फार त्रास होतो. तिचं दुखणं तितकंच खरं असतं.

म्हणून मी आधी विचारते, सुरू कसं झालं? हळूहळू चढत गेलं की एकाएकी? चांगलं काम करत असताना मिनिटभरात असह्य झालं, असं जन्मात कधी दुखलं नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी स्वतःच स्कॅनची घाई करते. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. पहिल्या ६ तासांतल्या सिटी स्कॅनमध्ये तो जवळजवळ नेहमी सापडतो, पुढे निसटण्याची शक्यता वाढते आणि कधी पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. "झोपला की उतरेल" म्हणत घरी काढलेली रात्र इथे महागात पडते.

बाळंतिणीचं डोकं दुखत राहिलं, तर मी फार सावध होते. मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली असेल तर साधा सिटी स्कॅनही नॉर्मल येऊ शकतो, शिरांची वेगळी तपासणी लागते. तापासोबत मान आखडली असेल तर मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेचा, विचार आधी. आणि पावसाळ्यात शेतातून आलेल्या माणसाला ताप आणि डोकेदुखी असेल, तर मी काखेत, जांघेत काळी खपली शोधते. ती स्क्रब टायफसची खूण असते, गवत-झुडपांतला बारीक किडा चावून होणारा हा ताप. तो आपल्या विदर्भात आहे, २०१८ साली नागपुरानं तो चांगलाच पाहिला. वेळेवर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं तर माणूस बरा होतो.

आणखी एक. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने साधी पेनकिलर घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. तेव्हा येताना गोळ्यांची रिकामी पाकिटंही घेऊन या, मेडिकलवरून आणलेली, शेजारणीनं दिलेली, सगळी.