कडेलाही सरदारच

व्हॅलेटा, माल्टा. मंगळवार. रात्रीचे साडेनऊ.

पायांचे तुकडे पडलेत. नकाशात हे गाव तळहाताएवढं दिसतं, पण रस्ते उतरतात ते थेट समुद्राकडे, आणि उतरलेलं सगळं पुन्हा चढावं लागतं. भाचीनं सकाळी बजावलं होतं, "मावशी, चपला नकोत, बूट घाल." ती इथे नर्स आहे. आज तिची बारा तासांची ड्यूटी, म्हणून मी एकटीच भटकले.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल, इथलं मोठं चर्च, बाहेरून धान्याच्या कोठारासारखं दिसतं. ते बांधणारा गिरोलामो कासार मुळात तटबंद्या उभारणारा माणूस. १५६५ साली तुर्कांचा वेढा कसाबसा परतवल्यावर नाइट्सनी, म्हणजे बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या संघानं, पुढच्याच वर्षी या शहराचा पाया घातला, तेव्हा भिंती जाड हव्यात एवढीच चिंता असणार. आत मात्र सोनंच सोनं. दगड जागच्या जागी कोरून त्यावर मुलामा दिलाय. मला जरा जास्तच वाटलं, लग्नात कपाटातले सगळे दागिने एकदम चढवल्यासारखं. पण जमीन! सुमारे ४०० रंगीत संगमरवरी थडगी, तीच फरशी. त्यावर सांगाडे, कोयते, वाळूची घड्याळं. टोकदार टाचांचे बूट आत चालत नाहीत, संगमरवर खराब होतो म्हणून. बाकी लोक खुशाल मेलेल्या सरदारांवरून चालत होते. माझा पाय एका नावावर पडला आणि सवयीनं हात खाली जाऊन कपाळाला लागला. शेजारची बाई बघतच राहिली. मग कडेकडेनं जायचं ठरवलं, तर कडेलाही सरदारच.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं चित्र बाजूच्या दालनात आहे. सेंट जॉनचा शिरच्छेद, १६०८. सतरा फूट रुंद, बारा फूट उंच. मी समोरच्या बाकावर पाऊण तास बसले. अर्धं चित्र म्हणजे नुसती तुरुंगाची भिंत. तलवारीचं काम अर्धवट झालंय, मारेकरी पाठीमागचा सुरा काढतोय, आणि खिडकीतून दोन कैदी माना लांबवून बघतायत. मी नेमकी त्यांच्यासारखीच बघत होते. जमिनीवरच्या रक्तातून त्यानं सही केली आहे, त्याच्या सगळ्या चित्रांत एवढी एकच. रोममध्ये खून करून तो पळाला होता. इथे त्याला नाइट केलं, मग मारामारी, कैद, पुन्हा पलायन. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला संघातून काढलं, तेही याच दालनात, याच चित्रासमोर. तो अर्थात हजर नव्हता.

बाराच्या तोफेला अप्पर बराक्का बागेत पोचले. तोफ उडते हे माहीत असूनही दचकले. खाली ग्रँड हार्बर. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी मुंबईहून सुमारे ७,००० हिंदी सैनिक जहाजांनी या बेटावर आणले होते. त्यांतल्या कोणी बंदरातून घरी काही लिहून पाठवलं असेल का, असा विचार करत मटारचं पास्तिझ्झी खाल्लं. आपल्या खारीचाच, पण पाव मैल पुढे गेलेला प्रकार. दोन खाल्ली.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालय. हायपोजियमचं, म्हणजे पाओलामधल्या जमिनीखालच्या दफनस्थळाचं तिकीट काही मिळालं नाही. दिवसाला फक्त ८० जणांना सोडतात, आणि मी बसले घरची कामं आटपत. चूक माझीच. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना ते सापडलं. पण तिथली झोपलेली बाई या संग्रहालयात आहे. मातीची, जेमतेम १२ सेंटीमीटर, माझ्या तळहातावर मावेल एवढी. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. जाडजूड दंड, घोळदार घागरा, कुशीवर वळलेली, एक हात डोक्याखाली, आणि खालची बाज वजनानं झोळलेली. ती बाज झोळलेली दाखवावी हे ज्याला किंवा जिला सुचलं, त्या हातांचं मला काराव्हाज्जोइतकंच कौतुक वाटलं. काराव्हाज्जोसमोर गर्दी होती. हिच्यापाशी मी आणि एक पेंगुळलेला रखवालदार.

संध्याकाळी भाची आली. मी उत्साहानं सांगितलं, इथे पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, जगाला 'दिन्या'! ती म्हणाली, "आणि डॉक्टरला तबीब. दोन वर्षं रोज ऐकतेय, मावशी." अरबी शब्द आपल्याकडे फारसीतून आले, इथे थेट आले, आणि लिहितात मात्र रोमन लिपीत.

मग तिला मोबाइलवर झोपलेल्या बाईचा फोटो दाखवला. काही जण म्हणतात ही झोप नव्हे, मरण आहे, असंही सांगितलं. तिनं फोटो मोठा करून पाहिला.

"छे. असा डोक्याखाली हात घेऊन कोणी मरत नाही."

आता ती पलीकडे भात लावतेय. कुकरच्या दोन शिट्या झाल्या. उद्या तिला सुट्टी आहे, फेरीनं पलीकडच्या बिर्गूला जायचं म्हणतेय. मी म्हटलं, आधी पायाला तेल.