त्र्यंबकची पायी वारी आणि परतीची एसटी

पौषातली वारी त्र्यंबकची. वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी पोचायचं म्हणून नाशिक, नगर, धुळे, जळगाव, ठाणे अशा कितीतरी जिल्ह्यांतून दिंड्या निघतात. आमची सिन्नर तालुक्यातली. मोहदरी घाट उतरून पळसे, नाशिकरोड, मग शहर ओलांडून सातपूर, महिरावणी, अंजनेरी असा आमचा रस्ता. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला, त्यामुळे दिंडीत सगळे मला सिस्टरच म्हणतात. दिवसभर टाळकऱ्यांच्या मागे चालायचं आणि मुक्कामाला टेकण्याआधी टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची चाचणी, करायची. पाणी पिवळं झालं नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून अर्धा तास थांबायचं. लोक तहानलेले असतात, तरीही थांबतात. कुणी कधी कुरकूर केलेली मला आठवत नाही.

महिरावणीच्या मुक्कामी एक आजी पंगतीतून उठून दोनदा आडोशाला गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्याशा जुलाबाचं काय सांगायचं माउली? परवा घरी गेल्यावर दाखवते की दवाखान्यात." त्यांना ओआरएस पाजलं, रात्रभर शेजारी झोपले. सकाळपर्यंत त्या सावरल्या. पण 'घरी गेल्यावर' हे त्यांचे शब्द मला पुढच्या सगळ्या वाटेवर पुरले.

दिंडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालते. कॉलऱ्याचे जंतू पोटात गेले की काही तासांपासून पाच दिवसांच्या आत त्रास सुरू होतो. म्हणजे जाताना कुणाला बाधा झाली तर तो माणूस बहुधा वाटेतच, दिंडीच्या डोळ्यांदेखत आजारी पडतो. त्याला कुणीतरी पाणी देतं, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावतं. येताना मात्र आपण एसटीने येतो. द्वादशीचं पारणं फेडून त्र्यंबकच्या स्टँडवर गाडी धरली की संध्याकाळी आपापल्या ओट्यावर. शेवटच्या मुक्कामात जे अंगाला लागलं ते घरी येऊन उघडं पडतं. टायफॉइडचा ताप तर एक ते तीन आठवड्यांनी चढतो, तोवर वारीचा प्रसादही संपलेला असतो. शिवाय शंभर माणसं चाळीस गावांत पांगलेली. प्रत्येक गावात एखादाच रुग्ण, प्रत्येक ओपीडीच्या रजिस्टरमध्ये एकच ओळ. साथ आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आरोग्य खात्याचे तंबू, टँकर, डॉक्टर सगळे जाण्याच्या वाटेवर असतात. ते हवेतच. परतीच्या आठवड्याकडे मात्र आपलं लक्षच नसतं आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

हे नवं नाही. 1867 च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभमेळा भरला होता, तेव्हा मोठ्या स्नानाच्या सुमारास कॉलरा उठला आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानभर पसरला. त्याआधी 1865 च्या हजमध्येही असंच झालं. त्या वेळी वाफेच्या बोटी आल्या होत्या, त्यामुळे हाजी परतले तेव्हा कॉलरा काही आठवड्यांतच भूमध्य समुद्रापलीकडे गेला. प्रवास जितका वेगाचा, तितका आजार लपून लांब जाणार. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसं जीव मुठीत धरून आगगाडीत बसली आणि प्लेगही गावोगाव पोचला. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की गाव रिकामं करून लोक रानात झोपड्या घालून राहत. मरीआईचा गाडा शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायची रीतही त्याच काळजीची. आजार वाटेने चालत येतो हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

पण म्हणून साथ पसरवतात असं म्हणत वारकऱ्यांकडे बोट दाखवलेलं मला सहन होत नाही. 2020 च्या मार्चमध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून आलेले होते. कोरोना विमानाने आला. त्यानंतर कसारा घाटातून, मुंबई-आग्रा हायवेने, डोक्यावर बोचकी घेऊन जी माणसं चालत गेली ती पोटासाठी. 1 मे रोजी नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक रेल्वे सुटली तोवर किती जणांच्या पायाची सालं गेली होती! त्या वर्षी आषाढीला नाथांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकरी घरीच थांबले. थांबायला सांगितलं तर वारकरी थांबतो, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय.

खरं तर दिंडीएवढी शिस्त मला दुसऱ्या कुठल्याच गर्दीत दिसली नाही. कोण कुणाच्या पंगतीला जेवलं, कोण कुठल्या राहुटीत झोपलं, सगळं एकमेकांना माहीत. विणेकरी महाराजांच्या वहीत नाव, गाव, फोन नंबर लिहिलेला असतो. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. तिथे येणाऱ्या लाखो अनोळखी माणसांची अशी वही कुठून आणायची? स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर परतणाऱ्यांच्या हाती निदान एक चिठ्ठी तरी द्यावी: पुढचे तीन आठवडे ताप किंवा जुलाब झाले तर डॉक्टरांना 'सिंहस्थाहून आलोय' असं आधी सांगा. तपासणारा डॉक्टर त्या एका वाक्याने सावध होतो.

यंदा कुशावर्तावर स्नान झाल्यावर मी महाराजांकडे वही मागितली. ते म्हणाले, "न्या की सिस्टर, पण एवढे फोन करणार कोण?" मी आणि तीन टाळकरी पोरांनी नावं वाटून घेतली. बहुतेकांनी पाय दुखतात एवढंच सांगितलं. पाचव्या दिवशी एका घरून कळलं की वारीहून आलेल्या काकांना आणि त्यांच्या नातवाला, दोघांनाही जुलाब लागलेत. तिथल्या आशाताईंना लगेच फोन लावला. त्या संध्याकाळच्या आत घरी जाऊन आल्या, दोघांना दवाखान्यात पाठवलं आणि ग्रामपंचायतीच्या माणसाला उभं करून विहिरीत टीसीएल टाकून घेतली. त्या गावात तिसरा रुग्ण निघाला नाही. वही अजून माझ्याकडेच आहे. आषाढीच्या दिंडीसाठी त्यात 'परत कधी आणि कशाने' असा एक रकाना आखलाय.