गणपतीत साइट बसली, तेव्हा पेज कॅशिंग शिकलो

आमची आरत्यांची छोटी साइट आहे, वर्डप्रेसवर, मी आणि मामेभाऊ मिळून चालवतो. वर्षभर शांत असते. पण गणेश चतुर्थीला घरोघरी लोक एकाच वेळी फोन हातात घेऊन आरतीला उभे राहतात, आणि २०२४ ला, ७ सप्टेंबरला संध्याकाळी, नेमकी त्याच वेळी साइट बसली. ५०४ एरर, म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तरच नाही. आत्याचा फोन आला, "अरे उघडतच नाहीये, निरांजन लावून सगळे थांबलेत." फार लागलं मनाला.

दोन जीबी रॅमचा सर्व्हर, पान बनवणाऱ्या पीएचपीचे आठ वर्कर, म्हणजे एका वेळी आठच पानं बनणार. एक पान बनायला साधारण एक सेकंद, म्हणजे सेकंदाला आठच पानं, बाकीचे रांगेत, आणि थांबून कंटाळलेला माणूस रिफ्रेश मारतो की रांग अजून वाढते. आणि बनवत काय होतो, तर सगळ्यांना अक्षरशः तीच आरती, दर वेळी डेटाबेसला विचारून नव्याने!

मग ठरवलं की एकदा बनलेलं पान (एचटीएमएल) एन्जिनएक्सनेच, म्हणजे पीएचपीच्या पुढे उभ्या वेब सर्व्हरनेच, ठेवून घ्यायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं, पीएचपीपर्यंत जायचंच नाही. याला फास्टसीजीआय कॅश म्हणतात. कॉन्फिग अर्ध्या तासात लिहून झालं, पण पान कॅशमधून आलं का ते सांगणारा हेडर (पानासोबत जाणारी माहितीची ओळ) लावून बघतो तर दर वेळी मिस, म्हणजे कॅशमध्ये नाही, पुन्हा पीएचपीकडेच. दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. शेवटी कर्ल या कमांडने सगळे हेडर नीट वाचले, तर एक्सपायर्स या पानाची मुदत सांगणाऱ्या हेडरमध्ये तारीख १९ नोव्हेंबर १९८१! पीएचपीमध्ये सेशन (एकेका वाचकाची वेगळी नोंद) सुरू झालं की हीच जुनी तारीख जाते, म्हणजे हे पान कुणी साठवू नका असा निरोप, सोबत ब्राउझरला कुकी देणारा सेट-कुकी हेडर, आणि एन्जिनएक्स ते निमूट पाळतं. एकेक प्लगिन बंद करत गेलो, सहावा बंद केला आणि तारीख गेली. साध्या फॉर्मचा प्लगिन होता, प्रत्येक पानावर सेशन उघडत होता. काढला. पहिल्यांदा मिस, मग हिट, म्हणजे पान कॅशमधूनच आलं.

पुढे कळलं की फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला मागे एफबीक्लिड नावाचं ट्रॅकिंगचं शेपूट चिकटतं, ते दर वेळी वेगळं, त्यामुळे एकाच आरतीच्या शेकडो कॉप्या साठत होत्या आणि हिट मिळतच नव्हता. कॅशच्या की मधून, म्हणजे साठवलेलं पान ज्या नावाने शोधतात त्यातून, ते वगळलं. लॉगिन केलेल्यांना कॅश बायपास, म्हणजे त्यांची पानं कॅशमधून द्यायची नाहीत आणि साठवायचीही नाहीत, हे तर विसरूच नका, नाहीतर तुमचा अ‍ॅडमिन बार (लॉगिन केल्यावर वर दिसणारी वर्डप्रेसची पट्टी) वाचकांना दिसू शकतो.

पंचांगाच्या पानाची कॅशमधली मुदत मात्र मी सगळ्यांसोबत एक दिवसावर ठेवली होती आणि सकाळी त्यावर कालची तिथी. लोक तिथी बघून उपास करतात, ही चूक मला अजून टोचते. आता ते पाच मिनिटांवर, आरत्या एक दिवसावर, आणि मुदत संपली की जुनं पान देत राहायचं आणि मागे एकाच वर्करने नवं बनवायचं, नाहीतर संपल्या क्षणी सगळी गर्दी पुन्हा पीएचपीवर येते.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर कॅशिंगच्या प्लगिननेही हे जमतं, पण हिट येतोय ना ते हेडरमध्ये स्वतः बघा.

२०२५ ला, २७ ऑगस्टच्या संध्याकाळी, लॉग उघडून बसलो होतो. हिट, हिट, हिट, मध्येच एखादी मिस, आठातले एक-दोन वर्कर कामात. बाहेरून टाळ ऐकू आले तसा लॅपटॉप मिटून गेलो. आत्याच्या फोनवर आमचंच पान उघडं होतं.