फुलीचा दगड आणि फॉर्ममधला एक रकाना

परदेशातून चायास्टोलाइट मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेता इन्व्हॉइसवर काय लिहिणार आहे ते मागवून घ्या आणि त्यातला शब्द न् शब्द वाचा. कापणं, घासणं, पॉलिश यांबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, आणि तेही सांगते. पण माझा घाम दगडाने काढला नाही, एका रकान्याने काढला. अजून आठवलं की डोकं तापतं.

ज्यांनी हा दगड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरून बघाल तर रस्त्यात पडलेला असताना उचलणारही नाही. करड्या-तपकिरी रंगाची, बोटाएवढी चौकोनी कांडी. ती आडवी कापली की आत काळीभोर फुली. चिकणमातीपासून बनलेल्या, कार्बन मिसळलेल्या शेल खडकाशेजारी ग्रॅनाइटचा तप्त रस घुसला की शेल भाजून निघतो आणि त्यात अँडालुसाइटचे स्फटिक वाढू लागतात. वाढता स्फटिक बराचसा कार्बन आत न घेता बाजूला सारतो. तो कोपऱ्यांच्या रेषेत साचत जातो, ग्रॅफाइटच्या रूपात. त्या चार रेषा म्हणजेच फुली, आणि अशी फुली असलेला अँडालुसाइट म्हणजे चायास्टोलाइट. गंमत अशी की एकाच कांडीच्या दोन टोकांना फुली वेगळी निघते. एकीकडे मधोमध जाड काळा चौकोन, दुसरीकडे केसासारख्या बारीक रेघा. म्हणून कांडी उभी चिरू नका, नुसते काळे पट्टे दिसतील.

आपल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट सापडतात. अँडालुसाइट धरून तिन्हींत ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन अगदी त्याच प्रमाणात, फक्त घडताना दाब आणि तापमान वेगळं. माझ्याकडे ते दोन्ही होते, तिसरा राहिला होता. इथल्या ओळखीच्या संग्राहकांकडे ठसठशीत फुली मिळेना, म्हणून स्पेनमधल्या विक्रेत्याकडून आस्तुरियासच्या बोआल भागातल्या कांड्या मागवल्या. सांतियागो दे कोम्पोस्तेलाचे यात्रेकरू हे दगड ताईत म्हणून बरोबर नेत, एवढी त्यांची जुनी ख्याती.

मागवणं, पैसे भरणं, पार्सल स्पेनमधून निघणं, सगळं सुरळीत झालं. मुंबईत उतरल्यावर ट्रॅकिंगवर 'क्लिअरन्स होल्ड', म्हणजे कस्टम्समधून सुटका अडली, असं आलं आणि तिथेच बसलं.

केवायसी मी आधीच केलं होतं. आधार, पॅन, माझ्या वतीने कस्टम्सचं काम करण्याचं कुरिअर कंपनीला दिलेलं अधिकारपत्र, सगळं अपलोड. मग एक ऑनलाइन फॉर्म आला. मालाचा प्रकार निवडा: कपडे, पुस्तकं, इलेक्ट्रॉनिक्स, ज्वेलरी, जेमस्टोन, अदर. मी 'अदर' निवडून पुढे 'मिनरल स्पेसिमेन' लिहिलं. फॉर्म परत आला तो कंपनीनेच 'जेमस्टोन' करून. आणि एकदा जेमस्टोन झालं की खालचे दोन रकाने सक्तीचे होतात: आयईसी नंबर आणि जेम लॅबचं सर्टिफिकेट.

आयईसी हा आयात-निर्यात करणाऱ्यांचा कोड. डीजीएफटी, म्हणजे केंद्र सरकारचं परकीय व्यापार महासंचालनालय, देतं. स्वतःच्या वापरासाठी, व्यापाराशी काडीचा संबंध नसलेली वस्तू मागवली तर तो लागत नाही, हे परकीय व्यापाराच्या नियमांतच आहे. मी हे मेलवर लिहिलं. उत्तर आलं: 'कृपया आयईसी अपलोड करा.' फोन केला तर दर वेळी नवीन आवाज आणि पहिल्यापासून तीच कहाणी. "मॅडम, आपका जेमस्टोन का शिपमेंट है." नाहीये हो, जेमस्टोन नाहीये! एका मुलाने तर प्रेमाने सल्ला दिला, "निकाल लीजिए ना मॅडम, पाँच सौ रुपये में ऑनलाइन हो जाता है." फी तेवढीच आहे, खरं आहे. पण मी दुकान चालवत नाही. नोकरी सांभाळून दगड घासते. एकदा तो कोड घेतला की दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करत बसायचं, नाही केली तर तो निष्क्रिय होतो. त्यांच्या फॉर्मची सोय व्हावी म्हणून मी स्वतःला व्यापारी का म्हणवून घ्यायचं? मी नाही काढला, आणि नाही काढला याचा मला अभिमान आहे.

सर्टिफिकेटचा प्रकार त्याहून भारी. इथे नागपुरात, इतवारीतल्या सराफा ओळीत जाऊन चौकशी केली. तिथल्या माणसाने सरळ विचारलं, "ताई, दगड दाखवा." दगड कुठून दाखवू? तो मुंबईत त्यांच्याच गोदामात. कंपनीला म्हटलं, एक नमुना सोडा, तपासून आणते. तर म्हणे क्लिअरन्सशिवाय काही सोडता येत नाही. म्हणजे सर्टिफिकेटशिवाय दगड नाही आणि दगडाशिवाय सर्टिफिकेट नाही. हे मी त्यांच्या नागपूरच्या ऑफिसात काउंटरवर उभी राहून हळूहळू, दोनदा समजावलं. समोरचा मुलगा गरीब होता बिचारा, त्याला पटतही होतं. "बरोबर आहे मॅडम तुमचं, पण सिस्टम घेत नाही."

संताप याचा येतो की हे नागपुरात चाललं होतं. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे सिव्हिल लाइन्सला, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचं मुख्यालय काटोल रोडला. खनिज म्हणजे काय हे सांगायला या गावात माणसं कमी नाहीत. ओळखीतल्या भूविज्ञानाच्या निवृत्त सरांनी एका पानावर स्वच्छ लिहून दिलं: खनिजाचं नाव, घटक, अपारदर्शक आहे, नमुना म्हणून जपतात. कंपनीने ते परत पाठवलं, कारण जेम लॅबचं लेटरहेड नव्हतं.

इकडे गोदामभाड्याचा मीटर सुरू झालेला. रात्री झोपताना ट्रॅकिंग, उठल्यावर ट्रॅकिंग. घरातले म्हणाले सोडून दे. नाही सोडलं.

शेवटी ज्या एका मेलने गाठ सुटली तो असा होता: 'कस्टम्सने माझ्या पार्सलवर जी क्वेरी काढली आहे तिची जशीच्या तशी प्रत मला द्या.' हा मेल कस्टमर केअरला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्यांचा पत्ता वेबसाइटवर अगदी तळाशी असतो. प्रत आली. जेमतेम दोन ओळी: मालाचं वर्णन स्पष्ट नाही, पदार्थ कोणता, वापर काय, फोटो द्या. बस. आयईसी नाही, सर्टिफिकेट नाही. ज्यासाठी मला इतके दिवस नाचवलं ते कस्टम्सने मागितलंच नव्हतं. ते कंपनीच्या फॉर्ममधून आलं होतं, आणि फॉर्म भरणाऱ्याने विक्रेत्याच्या इन्व्हॉइसवरच्या 'क्रॉस स्टोन' या शब्दातलं 'स्टोन' वाचून 'जेमस्टोन'वर खूण केली होती. मी ती प्रत हातात घेऊन स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवली, इतका राग आला होता.

पुढे काय दिलं ते नीट सांगते, कारण कामाचं हेच आहे. विक्रेत्याकडून नवं इन्व्हॉइस: 'अँडालुसाइट, चायास्टोलाइट प्रकार, न घडवलेले खनिज नमुने, वैयक्तिक संग्रहासाठी, विक्रीसाठी नाही', नगांची संख्या, ग्रॅममध्ये वजन आणि युरोत किंमत. अँडालुसाइट हा शब्द हवाच. कस्टम्सच्या दरपत्रकात 2508 या शीर्षकात अँडालुसाइट, कायनाइट, सिलिमनाइट ही नावं छापलेली आहेत, चायास्टोलाइट नाही. मौल्यवान आणि कमी मौल्यवान रत्नं 7103 मध्ये येतात, खनिजशास्त्रीय संग्रहाच्या वस्तू 9705 मध्ये, आणि टपालाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या मालाला 9804 आहे. कुठे बसवायचं हे अधिकारी ठरवतात, त्यावर वाद घालू नका. फक्त तुम्ही काय मागवलंय ते त्यांना कळलं पाहिजे. सोबत विक्रेत्याकडचे पट्टी ठेवून काढलेले फोटो, माझं सहीचं अर्ध्या पानाचं निवेदन आणि सरांचं तेच पत्र. या वेळी त्याला कोणी नाक मुरडलं नाही. पार्सल सुटलं. ड्युटी मी मुकाट भरली. गोदामभाडं भरायला मात्र ठाम नकार दिला, क्वेरीची प्रत जोडून. ते माफ झालं.

आता दगडाकडे. कापायला मी फरशी-मार्बलवाल्याकडे गेले होते, त्याने कांडी हातात घेऊन सांगितलं, "ताई, हे फुटलं तं मले बोलू नका." त्याचं बरोबर होतं, त्याची चकती जाड, अर्धी कांडी भुकटीतच जाते. पातळ डायमंड ब्लेडचं लहान मशीन असलेल्या रत्नकारागिराकडून कापून घ्या, आणि काप चार-पाच मिलिमीटरपेक्षा पातळ मागू नका. ग्रॅफाइटच्या रेषेवरच तो तडकतो.

घासायला इतवारीत लोहा ओळीतून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर, आणा. नंबर मोठा तसा पेपर बारीक. 220 पासून सुरू करून 400, 600, 1000, 2000. सपाट काचेवर पेपर ठेवायचा, पाणी सोडायचं, काप गोल-गोल फिरवायचा. पेपर बदलताना दगड, काच, हात, सगळं धुवा. 220 चा एक कण 1000 वर आला तर ओरखडा पडलाच. पहिल्यांदा धुतल्यावर ओल्या कापावर फुली उठून दिसते आणि वाटतं झालंच. वाळू द्या, परत मळकट दिसेल. वाळल्यावरही काळं तसंच काळं दिसेल तेव्हा पुढच्या नंबरवर जा.

खरी अडचण ही की हा दगड सगळीकडे सारखा कठीण नसतो. ताजा अँडालुसाइट कठीणपणाच्या मोहस् मापावर (1 सर्वांत मऊ, 10 म्हणजे हिरा) 6.5 ते 7.5, पण चायास्टोलाइटमध्ये अभ्रकात बदललेला भाग आणि ग्रॅफाइट फार मऊ. जोर लावला की फुली खोल जाते आणि बोट फिरवलं की खाच लागते. माझ्या अनुभवात उपाय दोनच: हलका हात, आणि 400 च्या आधी पातळ सुपरग्लूचा एक थर. तो रेषांमध्ये मुरतो, वरचा पुढच्या घासण्यात निघून जातो. खिडकी उघडी ठेवून करा, वाफ डोळ्याला झोंबते. आमच्याकडे मे महिन्यात कूलरसमोर बसूनही सुपरग्लू बाटलीच्या तोंडाशीच सुकतो, म्हणून उन्हाळ्यात मी हे काम पहाटे करते. शेवटचं पॉलिश चामड्याच्या तुकड्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडने. सिरियम ऑक्साइडने माझ्या कापांवर तेवढी चमक आली नाही.

कोरडं कधीच घासू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती बाहेर येत नाही. पाणी वापरूनही मी एन९५ लावते. घासलेला गाळ बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत बसू द्या आणि वरचं पाणी काढून चिखल वाळवून टाका, नाहीतर प्लंबरला बोलवावं लागेल.

फुलीच्या नादाने स्टॉरोलाइट घेणार असाल तर त्याला यातलं काहीच लागत नाही. त्याची फुली बाहेरून असते, दोन स्फटिक एकमेकांत घुसून 60 किंवा 90 अंशांत वाढलेले. त्याला पॉलिश केलं तर नमुनाच वाया जातो, नुसता मऊ ब्रशने साफ करा. कोरून बनवलेल्या नकली फुल्याही विकल्या जातात. चारही हात अगदी गुळगुळीत आणि सारखे असतील तर भिंगाखाली कोपरे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मागवताना त्याच्याही इन्व्हॉइसवर 'क्रॉस स्टोन' लिहू देऊ नका, 'स्टॉरोलाइट, खनिज नमुना' असंच लिहून घ्या.