गुण आला का?

आईला अल्झायमरवरचं लेकॅनेमॅब हे औषध सुरू झाल्यापासून मावशी दर फोनवर एकच विचारते, "गुण आला का गं?" वर्ष होत आलं, मला धड उत्तर देता आलेलं नाही.

सुरुवात घड्याळाच्या चित्रापासून झाली. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर आईने गोल छान काढला, आकडे नीट मांडले आणि एक काटा अकरावर, दुसरा दहावर ठेवला. मग शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसलं, या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन. आजार सुरुवातीचा, म्हणजे औषध देता येईल. मग जनुकाची चाचणी. आजाराचा धोका वाढवणाऱ्या एपीओई४ ची एकच प्रत निघाली तेव्हा हायसं वाटलं, कारण दोन प्रती असणाऱ्यांत या औषधाने मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. एक असेल तर ११.

डॉक्टरीणबाईंनी एका कोऱ्या कागदावर औषधाचा हिशोब मांडला. स्मरणशक्ती आणि रोजचे व्यवहार मोजणारी मोजपट्टी १८ गुणांची, गुण वाढले की आजार वाढला. औषधाच्या चाचणीत १७९५ जण, काळ १८ महिने. औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. बातम्यांत या औषधाचे '२७ टक्के' गाजले ते हेच, १.६६ मधले ०.४५!

"म्हणजे सुधारणा नाही?"

"नाही. घसरण थोडी सावकाश. आणि तेवढा फरक घरच्यांना जाणवतो का, यावर आम्हा डॉक्टरांतच वाद आहेत."

इतकं स्पष्ट कुणी बोललं म्हणूनच बहुधा मी सही केली.

मग दर पंधरा दिवसांनी तासभराचं सलाईन. पाचव्याआधीच्या एमआरआयमध्ये सूज दिसलीच. आईचं डोकंसुद्धा दुखत नव्हतं, माझी मात्र झोप उडाली. औषध थांबवलं, सूज ओसरल्यावर परत सुरू केलं.

नंतरच्या पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड बरंच उतरलेलं. ते चित्र बघून मी हुरळले होते, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आईने चष्मा तिसऱ्यांदा शोधायला घेतला. औषधाविना ती आज कुठे असती, ती दुसरी आई मला कोण दाखवणार?

परवा तिला पुन्हा घड्याळ काढायला लावलं. काटे अकरावर आणि दहावर.

रात्री मावशीचा फोन आलाच.

"तसंच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे गुण नाही?"

"तसंच आहे, मावशी."