खांब कुजतो ती वीतभर जागा

आमची पोफळीची बाग व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून आहे. जून लागला की कुंपणाच्या खालच्या अंगाला पाणी उभं राहतं आणि नवरात्रापर्यंत तिथली माती पायाला चिकटते. बाबा गेल्यावर बाग माझ्याकडे आली, तेव्हा मी मोठ्या हौसेनं सुरूचे चाळीस खांब आणून पुरले होते. चौथ्या पावसाळ्यात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, शेजारची म्हैस नुसती अंग घासायला टेकली आणि तीन खांब एकदम आडवे झाले.

मोडलेल्या खांबाचं बूड मी पहारीनं खणून काढलं. दोन फूट खोल गाडलेलं टोक टणक होतं, कोयती मारली तर खणकन वाजलं. वरचा भागही धड. फक्त जमिनीला टेकतो तिथे, वीतभर जागेत, लाकडाचा ओला भुसा झाला होता. बोट आत जात होतं.

हे दाखवायला वाडीतल्या आबांना बोलावलं. त्यांनी खांब हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाय, खांब पाण्यात कुसना नाय. पाणी नि वारो भेटतत थय कुसता." मग त्यांनी विहिरीची आठवण दिली. जुन्या विहिरींच्या तळाशी उंबराच्या लाकडाची चौकट घालत, ती कायम पाण्याखाली असते म्हणूनच टिकते. लाकूड खाते ती बुरशी. तिला ओल लागते तशी हवाही लागते. खोल चिखलात हवा नाही, वर उन्हात ओल टिकत नाही, आणि मातीच्या काठावर दोन्ही मिळतात. वाळवीही बहुतेक तिथूनच चढते.

त्या दिवसापासून मी अख्ख्या खांबाची काळजी करणं सोडलं. सगळी मेहनत त्या वीतभर जागेवर.

आधीच्या चुका सांगते, कारण त्या अजून सगळीकडे चाललेल्या दिसतात. दारापाशी भक्कम हवेत म्हणून सहा खांब मी सिमेंटमध्ये बसवले होते. सगळ्यात आधी कुजले ते तेच. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट आकसत नाही. मध्ये फट पडते, पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि पेल्यात साठावं तसं साठून राहतं. बाबा खांबांची टोकं चुलीत भाजून पुरायचे. त्यातला एक मी करवतीनं कापून पाहिला. कोळशाचा थर नखाएवढा, त्याला भेगा, आणि भेगांमागे पांढरं लाकूड मऊ झालेलं. बाबांचाच खैराचा एक खांब मात्र माझ्या लहानपणापासून उभा आहे. तो टिकला तो त्याच्या तांबड्या गाभ्यामुळे. बाहेरचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, ओल्या जमिनीत ते आधी जातं. खैर तोडायचा तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी गोठा मोडला तेव्हाचे ऐनाचे जुने वासे वापरले. साल आणि पांढरा भाग तासून टाकला.

वासे पडवीत, जमिनीपासून वर, दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत सुकवले. ओल्या लाकडाला डांबर फासलं तर ओल आतच कोंडते. डांबराऐवजी मी काजूच्या टरफलाचं तेल घेतलं. होड्यांना लावायची जुनी रीत आहे आपल्याकडे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे हे तेल अंगावर उततं. हातमोजे घालाच, आणि आधी मनगटांना खोबरेल चोळा. खालचं कापलेलं टोक मी तेलात बुडवून ठेवलं, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकातून पितं. जमिनीच्या रेषेच्या वर-खाली वीत-वीत तीन हात दिले, दोन हातांमध्ये आठवडाभर वाळू दिलं.

गॅरेजचं जळकं ऑइल फुकट मिळत होतं. विहीर वीस पावलांवर आहे, ते मी कुंपणापाशीही आणू दिलं नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात दाबानं भरतात, ते फार टिकाऊ. 1933 मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी ते शोधलं आणि जगभर गेलं. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती बांधकामासाठी ते बंद झालं. मला ते नको, कारण आपल्याकडे मोडका खांब शेवटी चुलीत जातो. आर्सेनिकचा धूर कुणाच्या स्वयंपाकात जाऊ नये.

पुरताना खड्डा अडीच फूट. तळाला अर्धा फूट खडी, त्यावर खांब, भोवती जांभ्याचे तुकडे आणि खडी, पहारीनं ठासून. वरच्या चार बोटांत माती, खांबापासून बाहेर उतरती, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. माथा तिरपा कापला आणि त्यावर फुटक्या कौलाचा तुकडा ठोकला. दर दिवाळीनंतर बुडाची माती बाजूला करून सुरीचं टोक दाबून बघते. आत गेलं तर तो खांब त्याच उन्हाळ्यात बदलायचा.

व्हाळाच्या अगदी कडेला मात्र यातलं काही केलं नाही. तिथे वर्षातले चार महिने खड्ड्यातच पाणी असतं, खडी काय करणार? त्या बाजूला मृगाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीचे पांगारा आणि गिरिपुष्पाचे खुंट पुरले, शेंडा वर ठेवून. एकोणीसपैकी पंधरा रुजले. तार त्यांना खिळ्यानं ठोकली नाही, सुंभानं सैल बांधली आहे. उरलेल्या चार जागांसाठी नवे खुंट आबांच्या परसातून येणार आहेत, आणि त्यांनी सांगून ठेवलंय, पहिला पाऊस पडायच्या आत ने.